समुद्राची पाऊणकी



भूगोलाच्या पुस्तकातील भरती-ओहोटीचा पाठ तुम्हांपैकी बहुतेकांनी वाचला असेल. मी तो वर्गात कित्येक वर्षे शिकवीत आलो आहे. मध्ये पृथ्वी, एका बाजूस चंद्र, पृथ्वीच्या दोन्ही अंगांस फुगलेले पाणी, ही आकृती मी फळ्याकडे न पाहताही काढू शकेन. परंतु ज्या दिवशी तो पाठ माझ्या स्वतःच्या उपयोगी पडावयाचा, त्या दिवशी तो मला आठवला नाही. ती हकीकत सांगण्यात मला मोठेपणा नाही. तथापि ती सांगितल्यावाचून पुढील पाठाची किंमत तुम्हांस कळावयाची नाही, म्हणून सांगतो.

नाताळच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब अलिबागेस गेलो होतो. मुंबईहून लाँचने मांडव्यास, तेथून बसने अलिबागेस, असा सोपा प्रवास. बरोबर मुलांची आई, बारा वर्षांची कन्या व आठ वर्षांचा मुलगा. अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर पाण्यात कुलाबा किल्ला दिसतो. मुंबईतील कुलाबा तो निराळा. हा अलिबागचा जलदुर्ग. भरतीच्या वेळी त्याच्या चोहोंकडे पाणी असते आणि होडीने जावे लागते. ओहोटीच्या वेळी मधला खडकाळ तळ उघडा पडतो, आणि माणसे पायी किंवा घोडागाडीतून तेथवर जातात. समुद्राच्या तळावरून चालत किल्ल्यात जावयाचे, ही कल्पनाच मुलांस इतकी आवडली की आदल्या रात्री त्यांस झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आम्ही निघालो. पाणी दूर गेलेले दिसत होते. खडक ओले होते, डबक्यांत लहान खेकडे व मासे होते. 'पाणी ओसरले आहे, आता पुष्कळ वेळ आहे,' असे मी मोठ्या विश्वासाने म्हटले. पाणी ओसरत आहे की चढू लागले आहे, हे मात्र मी कोणासही विचारले नाही.

किल्ला पाहण्यासारखा आहे. १६८० साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने त्याचे काम सुरू झाले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे झाले. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून त्यावर हल्ला केला, तो फसला. तटाचे मोठमोठे दगड चुन्यावाचून एकावर एक रचलेले आहेत. लाट येऊन आपटली की तिचे पाणी दगडांच्या फटींत शिरते व तिचा जोर मोडतो. आत गोड्या पाण्याचा तलाव आहे आणि १७५९ साली राघोजी आंग्रे यांनी बांधलेले गणपतीचे देवालय आहे. तटावर दोन तोफा चाकांच्या गाड्यांवर उभ्या आहेत. त्या इंग्लंडात ओतलेल्या असून त्यांवर १८४९ हे साल आहे. आमच्या कन्येने वही काढून तोफेचे चित्र काढावयास घेतले. मुलांची आई एकदोनदा म्हणाली, 'आता निघू या.' मी म्हणालो, 'चित्र पुरे होऊ दे.' साडेदहा वाजता आम्ही दरवाजातून बाहेर पडलो.

किल्ल्यालगतचा खडक अजून कोरडा होता, म्हणून आम्ही निर्धास्तपणे चालू लागलो. काही अंतर गेल्यावर पाणी घोट्यास लागले, मग गुडघ्यास. मी मागे वळून पाहिले तो मुलाच्या कमरेस पाणी होते, आणि त्याने आईचा पदर दोन्ही हातांनी धरला होता. समोर किनारा स्पष्ट दिसत होता. तेथे चहाच्या गाड्यांभोवती माणसे उभी होती. आणखी दहा मिनिटांची वाट, असे वाटत होते. मी मुलास खांद्यावर घेऊन पुढेच जाणार होतो. इतक्यात उजवीकडून हाक आली, 'ओ पाव्हणं, मागं फिरा! पुढं खोल हाय!'

खांद्यावर जाळे घेतलेले एक वृद्ध कोळी गृहस्थ पाण्यातून आमच्याकडे येत होते. त्यांनी कन्येचा हात धरला आणि आम्हांस पुन्हा किल्ल्याकडे नेले. कोरड्या दगडावर पोचल्यावर ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, 'मास्तर हाय म्हणता ना? मग आज तिथ कोणती?'

मला सांगता आले नाही. कन्या म्हणाली, 'आजोबा, काल रात्री चंद्र आठाच्या सुमारास उगवला. पूर्ण गोल नव्हता. एका बाजूने थोडा कमी होता.'

'मग काल बीज, आज तीज,' आजोबा म्हणाले. 'तिनाची पाऊणकी किती?'

मुलाने भिजल्या कपड्यांनिशी उत्तर दिले, 'सव्वादोन.'

'सव्वादोनला पाणी भरणार. आठालाच ते फिरलंय. तुम्ही नवाला निघालात ते चढत्या पाण्यात.'

आजोबांची होडी किल्ल्याच्या पायथ्याशी बांधलेली होती. मध्ये पुरेसे पाणी झाल्यावर आणि आपले जाळे दुरुस्त करून झाल्यावर आम्हांस किनाऱ्यावर पोचविण्याचे त्यांनी कबूल केले. तोवर तीन तास आम्ही तेथेच बसलो. भरती-ओहोटीचा पाठ मी त्या तीन तासांत शिकलो. तोच आता तुमच्यापुढे ठेवतो.

भरती कशाने येते?

चंद्र पृथ्वीस ओढतो. जी बाजू चंद्राकडे असते तिच्यावर ही ओढ अधिक, पृथ्वीच्या मध्यावर त्याहून कमी, आणि पलीकडच्या बाजूवर सर्वांत कमी. या फरकामुळे चंद्राकडील पाणी फुगते, आणि पलीकडील पाणी जणू मागे राहून तेही फुगते. असे दोन फुगवटे होतात व पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा त्या दोहोंखालून जातो. म्हणून आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. खऱ्या समुद्रात किनाऱ्याच्या व तळाच्या आकाराने या हिशोबात पुष्कळ फेरफार होतो. त्यामुळे प्रत्येक बंदराची भरतीची वेळ वेगळी असते.

पृथ्वी फिरत असता चंद्रही पुढे सरकत असतो. म्हणून तोच चंद्र पुन्हा माथ्यावर येण्यास २४ तास नव्हे, तर सुमारे २४ तास ५० मिनिटे लागतात. यावरून दोन गोष्टी निघतात. एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते. आणि आजची भरती ज्या वेळी आली, त्याहून उद्याची सुमारे ५० मिनिटे उशिरा येते.

सूर्यही पाणी ओढतो. परंतु तो फार दूर असल्यामुळे त्याचा प्रभाव चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी पडतो. अमावास्येस व पौर्णिमेस सूर्य, चंद्र व पृथ्वी एका ओळीत येतात, दोघांची ओढ मिळते आणि पाणी फार चढते व फार उतरते. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ एकमेकींस काटकोनात येते. तेव्हा पाणी थोडे चढते व थोडेच उतरते. त्यास भांगाची भरती म्हणतात. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती व ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांहून अधिक अंतर पडते, म्हणजे एका मजल्याहून जास्त.

पाऊणकीचा हिशोब

आता आजोबांच्या पाऊणकीकडे वळू. पूर्वीच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे रोज म्हणून घेत असत. आज ते घरातील आजी-आजोबांच्या तोंडीच उरले आहेत. या किनाऱ्यावर अमावास्येस व पौर्णिमेस पूर्ण भरती बाराच्या सुमारास येते. नंतर प्रत्येक तिथीस ती सुमारे पाऊण तास पुढे जाते. म्हणून तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. प्रतिपदेस पाऊण, म्हणजे पाऊण वाजता, द्वितीयेस दीड वाजता, तृतीयेस सव्वादोन, चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण पक्ष, नियम एकच. या वेळेतून सवासहा तासांच्या आसपास वजा केले की आधीच्या ओहोटीची वेळ निघते. तृतीयेची भरती दुपारी सव्वादोनला, म्हणून ओहोटी सकाळी आठला. आमची चूक येथेच झाली होती.

गणितात हुशार असलेल्या विद्यार्थ्यांस एक शंका येईल. पौर्णिमा ही पंधरावी तिथी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मग भरती बारास कशी? शंका योग्य आहे. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे, आणि खरा उशीर त्याहून काही मिनिटे अधिक असतो. ही थोडी थोडी तूट पंधरवड्यात साचून एका तासाच्या घरात जाते. म्हणून पक्षाच्या शेवटच्या तिथींस या हिशोबात पाऊण ते एक तास मिळवावा. पाऊणकी हा अदमास आहे, घड्याळ नव्हे. परंतु ज्या माणसाजवळ पुस्तक नाही, त्यास रात्रीचा चंद्र पाहून उद्याचे पाणी सांगता यावे, ही गोष्ट लहान नाही.

नेमकी वेळ हवी असल्यास भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो. मुंबईस अपोलो बंदरावर पाण्याची उंची यंत्राने नोंदण्यास १८७८ साली प्रारंभ झाला. आज तर कोणत्याही दिवसाची वेळ मोबाईलवर क्षणात पाहता येते. म्हणजे आता अज्ञानास सबब उरलेली नाही. तरीही मी त्या दिवशी ती पाहिली नव्हती. साधन खिशात असणे आणि त्याचा उपयोग करण्याची सवय अंगी असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पाणी फसविते कसे?

होडीची वाट पाहत असता मुलांनी एक प्रयोग केला. आजोबांचा एक लांब बांबू त्यांनी दगडांच्या सांदीत, जेथे लाटांचा जोर नव्हता तेथे, उभा रोवला. अकरा वाजल्यापासून दर अर्ध्या तासाने पाणी जेथवर पोचले असेल तेथे त्यांनी जाळ्याच्या सुताचा एकेक तुकडा बांधला. दीड वाजता निघताना बांबू वर काढून पाहिला. पहिल्या दोन अंतरांपैकी प्रत्येक जवळजवळ हातभर होते. पुढील दोन दीड-दीड वितीची. आणि शेवटचे वीतभरही नव्हते. पाणी सारख्या गतीने चढत नाही, हे मुलांनी स्वतः मोजून पाहिले.

याचा एक नियम खलाशांस फार दिवसांपासून ठाऊक आहे. पाण्याच्या एकूण चढाचे बारा भाग कल्पावे. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. एकूण चढ चार मीटर धरला तर तासागणिक हिशोब असा पडतो:

पहिला तास: ३३ सेंटिमीटर
दुसरा तास: ६७ सेंटिमीटर
तिसरा तास: १०० सेंटिमीटर
चौथा तास: १०० सेंटिमीटर
पाचवा तास: ६७ सेंटिमीटर
सहावा तास: ३३ सेंटिमीटर

पहिल्या तासात पाणी जेमतेम वीत-दीड वीत चढते. वाळूवर खेळणाऱ्या माणसास ते हलल्याचेही कळत नाही, आणि 'पुष्कळ वेळ आहे' असे तो म्हणतो. तिसऱ्या तासात तेच पाणी लहान मुलाच्या छातीइतके चढते. आम्ही साडेदहास निघालो, म्हणजे नेमक्या तिसऱ्या तासाच्या मध्यावर.

दुसरी फसवणूक जमिनीची. आपण जेथे उभे असतो ती जागा कोरडी असली म्हणजे परतीची वाटही कोरडी असेल असे आपण धरून चालतो. परंतु पाणी आधी सखल भाग भरते. बेटाजवळचा खडक उंच असतो, आणि मधली खळगी मात्र तोवर भरून गेलेली असते. म्हणून पायांखाली न पाहता वाटेतील सर्वांत सखल जागेकडे पाहावे.

सहलीस निघण्यापूर्वी

कुटुंबासह समुद्रकाठी जाणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

१. भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी पाहावी आणि किनाऱ्यावर गेल्यावर तेथील कोळी बांधवांस किंवा घोडागाडीवाल्यांस पुन्हा विचारावी. विचारण्यात कमीपणा नाही.

२. ओसरत्या पाण्यात जावे. ओहोटी पूर्ण होण्यापूर्वी तासभर निघावे आणि ती पूर्ण झाल्यावर लवकरच परत फिरावे. सकाळची सहल करावयाची तर तृतीया ते पंचमी या तिथी सोयीच्या. तेव्हा ओहोटी आठ ते साडेनऊच्या दरम्यान येते. अष्टमीच्या सुमारास पाणी पुरेसे ओसरत नाही, म्हणून वाट उघडेलच असे नाही.

३. परतीची वेळ निघण्यापूर्वी ठरवावी व ती सर्वांस सांगावी. एकाने तरी घड्याळाकडे लक्ष ठेवावे, आणि त्याने 'चला' म्हटले की वडील माणसांनीही उठावे.

४. वाट पाण्याखाली गेली असेल तर ती ओलांडण्याचा प्रयत्न करू नये. किनारा कितीही जवळ दिसला तरी मागे, उंच व कोरड्या जागी जावे, आणि होडी येईपर्यंत किंवा पुढील ओहोटीपर्यंत थांबावे. सहा तासांची उपासमार सोसता येते.

५. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. त्या दिवसांत ही वाट मनातही आणू नये.

चालण्याजोग्या आणखी दोन वाटा

अलिबागच्या आसपास दोनतीन दिवस राहण्याचा योग आला तर सारा वेळ एकाच ठिकाणी घालवू नये. उत्तरेस किहीमचा किनारा आहे. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली १९३० च्या सुमारास, नोकरी नसताना, येथे राहिले आणि सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे त्यांनी दिवसेंदिवस निरीक्षण केले. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडल्यास आत राहते. मग नर दुसरे घरटे विणावयास घेतो, हे त्यांनी पाहून लिहिले. सुगरणीची घरटी पावसाळ्यात विणली जातात. परंतु हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर किडे टिपणारे लहान पक्षी पाहण्यास किहीमसारखी जागा नाही. येथेही वेळ पाण्याचीच पाहावी लागते, कारण पाणी ओसरले की त्यांचे जेवण उघडे पडते.

दक्षिणेस रेवदंडा व त्याच्या समोर, कुंडलिका नदीच्या मुखापलीकडे, कोर्लईचा डोंगरी किल्ला. दोन्ही ठिकाणी पोर्तुगीजांचे पडके तट आहेत. १७४० साली ती ठाणी मराठ्यांकडे आली. कोर्लई गावातील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज व मराठी यांच्या मिलाफातून झालेली एक बोली आजही घरोघर बोलली जाते. मुलांनी ती कान देऊन ऐकावी. इतिहास केवळ दगडांत राहत नाही हे त्यांस कळेल. कोर्लईच्या किल्ल्यावरून खाली पाहिले म्हणजे खाडीत शिरणारे भरतीचे पाणी दिसते. ज्या मुलास पाऊणकी येते, त्याने तेथे बसून ते कोणत्या तासाचे आहे हे सांगावे.

अभ्यास

१. आज रात्री चंद्र केव्हा उगवतो व त्याचा आकार कसा आहे ते पाहा. त्यावरून तिथी ठरवा आणि पंचांगाशी ताडून पाहा.

२. चतुर्थीस पूर्ण भरती केव्हा येईल? त्याआधीची ओहोटी केव्हा? किल्ल्यास जाण्यास केव्हा निघाल व केव्हा परत फिराल?

३. एकूण चढ तीन मीटर असेल तर तिसऱ्या तासात पाणी किती चढेल?

४. एकादशीच्या भरतीची वेळ पाऊणकीने काढा. ती कोष्टकातील वेळेशी ताडून किती फरक पडतो ते लिहा, आणि त्याचे कारण सांगा.

पालकांस दोन शब्द. सहल म्हणजे मुलांस खाऊ व आपणांस विश्रांती, एवढाच अर्थ आपण पुष्कळदा करतो. तो चुकीचा नाही. परंतु आमच्या घरात त्या सहलीनंतर एक बदल झाला. होडीतून परत येताना कन्येने मला विचारले होते, 'बाबा, हे तुम्ही आम्हांला वर्गात शिकवलं होतं ना?' मी 'हो' म्हणालो, आणि पुढे काही बोलता आले नाही. तेव्हापासून कोठेही निघण्यापूर्वी आमच्या मेजावर मुले कागद घेऊन बसतात. तिथी, भरतीची वेळ, निघण्याची वेळ व परतण्याची वेळ ती लिहितात आणि मी खाली सही करतो. गेल्या वर्षी आम्ही पुन्हा कुलाब्यास गेलो. चतुर्थी होती; पावणेआठास निघालो. तोफेचे चित्र या वेळीही अपुरे राहिले, कारण सव्वानऊ वाजता मुलाने वही मिटावयास लावली. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा आमची पावले फक्त घोट्यापर्यंत ओली होती. आजोबांची भेट घ्यावी म्हणून कोळीवाड्याकडे गेलो. ते होडी घेऊन समुद्रावर गेले होते.